ब्रिटिश म्युझियममधलं 2011 चं अफगाणिस्तानचं प्रदर्शन

लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये 'अफगाणिस्तान : क्रॉसरोड्स ऑफ द एन्शन्ट वर्ल्ड' हे प्रदर्शन झालं, मार्च 2011 मध्ये सुरू झालं, जुलैपर्यंत होतं, आणि इथं आसपास राहणाऱ्या सगळ्या मराठी मंडळींना माझं कळकळीचं सांगणं होतं की काहीही करा पण हे बघा. आता ते संपलंय, पण खाली मी ते जसं बघितलं तसंच, चालू असल्यासारखं लिहिलंय. म्युझियम एरवी फुकट असलं तरी या प्रदर्शनाला वेगळं तिकीट होतं, 10 पाउंड, आणि शनिवार-रविवारी गर्दी असायची. दोनशेच्यावर वस्तू होत्या. सगळ्या काबूलच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या. त्या इथवर कशा पोचल्या ती गोष्टच इतकी मोठी आहे की तिच्याकडे नंतर येते.

आपल्याकडे अफगाणिस्तान म्हटलं की अब्दाली आणि पानिपत, आणि मग मधलं सगळं गाळून एकदम तालिबान आणि टीव्हीवरच्या बातम्या. शाळेत गांधार शैली म्हणून दोन मार्कांचा प्रश्न असायचा तेवढाच. इथं जे मांडलंय ते सगळं अब्दालीच्या सोळा-सतराशे वर्षं आधीचं आणि त्याहून जुनं, म्हणजे साधारण इसवी सनापूर्वी 2000 पासून इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंतचं. जागा चारच घेतल्यात: तेपे फुलोल, आय खानुम, बेग्राम आणि तिल्या तेपे. हा निर्णय मला फार आवडला. हजार वस्तूंचा ढीग घालून माणसाला दमवण्यापेक्षा चार ठिकाणं घ्या आणि त्यातल्या वस्तू नीट दाखवा.

आणि बघताना एक गोष्ट मनात ठेवून बघा, म्हणजे जास्त मजा येईल. संस्कृतींची सरमिसळ म्हटलं की आपण नेहमी असं बोलतो की ग्रीकांचा प्रभाव पडला, इराणचा प्रभाव पडला, जणू काही पाऊस पडला आणि खालची माणसं नुसती भिजली. इथल्या वस्तू बघितल्या की ते पटेनासं होतं. प्रत्येक वस्तूमागे कुणीतरी बसून ठरवलंय की हे घेतो, हे नको, पंख लावतो, पण चेहरा आपल्याकडचा ठेवतो. कारागीर दिसतो. गिऱ्हाईकसुद्धा दिसतं.

तेपे फुलोलचा भाग लहान आहे. 1966 मध्ये उत्तर अफगाणिस्तानात काही शेतकऱ्यांना सोन्याचांदीची भांडी सापडली, आणि सगळ्यांना सारखा वाटा मिळावा म्हणून त्यांनी ती कुऱ्हाडीनं तोडली, त्यामुळे इथं जे आहेत ते तुकडेच आहेत. पण एका सोन्याच्या वाडग्यावर दाढीवाले बैल आहेत आणि दाढीवाला बैल हा मेसोपोटेमियाचा, म्हणजे आजच्या इराककडचा. चार हजार वर्षांपूर्वी तिथलं चित्र इतक्या लांब कसं आलं? तर याच भागातल्या बदख्शानच्या खाणीतला निळा लाजवर्द दगड तिकडे जात होता, इराकमध्ये, पुढे थेट इजिप्तपर्यंत. माल गेला त्या वाटेनं चित्र परत आलं. इथं फार वेळ घालवू नका, पुढे वेळ लागणार आहे.

आय खानुम. अमू दर्या आणि कोकचा या नद्यांच्या संगमावरचं ग्रीक शहर. अलेक्झांडर गेल्यावर त्याच्या मागून राहिलेल्या ग्रीकांनी इसवी सनापूर्वी 300 च्या आसपास वसवलेलं आणि साधारण दीडशे वर्षांनी भटक्या टोळ्यांच्या हल्ल्यात जळून संपलेलं. 1961 मध्ये राजे झाहीर शाह त्या भागात शिकारीला गेले असताना तिथल्या लोकांनी त्यांना कोरीव दगड दाखवले आणि त्यावरून सगळं उलगडत गेलं, मग फ्रेंच पथकानं पॉल बर्नार यांच्या देखरेखीखाली 1978 पर्यंत तिथं खोदकाम केलं. व्यायामशाळा निघाली, नाट्यगृह निघालं, ग्रीक घडणीचे कोरिंथियन खांब निघाले, सूर्यघड्याळं निघाली. पुढे युद्धाच्या काळात लुटारूंनी ती सगळी जागा खड्डे खणून खणून चाळणीसारखी करून टाकली, त्यामुळे इथं जे दिसतं ते आता तिथं जाऊन दिसणार नाही.

या भागात सगळ्यात आधी कुठं जायचं तर सिबिली देवीच्या चकतीकडे. चांदीचा गोल पत्रा, वर सोन्याचा मुलामा, व्यास 25 सेंटिमीटर. रथात देवी बसलीय, रथाला सिंह जुंपलेत, लगाम पंखवाल्या विजयदेवीच्या हातात, म्हणजे ग्रीकांच्या नायकी देवीच्या. इथपर्यंत सगळं ग्रीक वाटतं. पण रथामागून एक पुजारी देवीवर छत्र धरून चालतोय, समोर पायऱ्या पायऱ्यांची उंच वेदी आहे, तिच्यावर दुसरा पुजारी उभा आहे, आणि वर आकाशात सूर्यदेवाचा चेहरा, चंद्रकोर आणि चांदणी शेजारी शेजारी. वेदी आणि छत्र पूर्वेकडचं. आपल्याला ते छत्र बघून काहीच नवल वाटत नाही, देवाच्या पालखीबरोबर अब्दागिरी असायचीच, पण माझ्याबरोबर तिथं उभ्या असलेल्या एक इंग्रज आजी त्या छत्रीकडेच बोट दाखवून आपल्या यजमानांना विचारत होत्या की ही इथं कशाला. हे गंमत म्हणून नाही सांगत, एकाच वस्तूत एकाला ओळखीचं ते दुसऱ्याला परकं आणि त्याच वस्तूत उलटंही, हे मला तिथं समोर दिसलं.

तसंच देवळाचं. बाहेरून जाड भिंती, त्यात कोनाड्यांमागून कोनाडे, ही पद्धत मेसोपोटेमियाची. आत मात्र मूर्ती ग्रीक पद्धतीची, तिच्या पायाचा तुकडा उरलाय, चपलेवर वज्राची नक्षी आहे म्हणून तो झ्यूस, म्हणजे ग्रीकांचा मुख्य देव, असावा असं समजतात. म्हणजे पूजेला येणाऱ्या इराणी माणसाला देऊळ आपलं वाटावं आणि ग्रीक माणसाला देव आपला वाटावा.

आणि एक शिलालेख आहे, दगडी चौथऱ्यावरचा. क्लिआर्कस नावाच्या माणसानं ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळातून उपदेशाची वचनं उतरवून घेतली आणि इतक्या लांब येऊन, शहराचा संस्थापक किनिआस याच्या समाधीपाशी कोरून घेतली. लहानपणी शिस्तीत राहा, तरुणपणी मनाला आवर घाल, मध्यम वयात न्यायानं वाग, म्हातारपणी चांगला सल्ला दे, आणि जाताना मनात खंत ठेवू नकोस, असा त्याचा साधारण अर्थ. घरापासून एवढं लांब आल्यावर माणसाला आपल्या मुलांसाठी काय लिहून ठेवावंसं वाटतं, ते वाचून माझ्यासारख्या परदेशात राहणाऱ्या आईचा गळा दाटून आला.

इथं मला एक जोडून सांगायचंय कारण ते थेट आपल्याकडे येतं. याच आय खानुमच्या खोदकामात 1970 मध्ये अगाथोक्लीस या ग्रीक राजाची चांदीची सहा चौकोनी नाणी सापडली. त्यावर एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी. एकीकडे नांगर आणि मुसळ घेतलेला संकर्षण, म्हणजे आपला बलराम, आणि दुसरीकडे चक्र आणि शंख घेतलेला वासुदेव. ग्रीक राजा आपल्या नाण्यावर कृष्ण-बलराम काढतोय, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात! आणि आता जुन्नरजवळचा नाणेघाट आठवा. सातवाहन राणी नागनिकेचा जो मोठा शिलालेख तिथल्या लेण्यात आहे त्याच्या सुरुवातीच्या नमनात संकर्षण आणि वासुदेव यांचीच नावं आहेत. एक टोक अमू दर्याच्या काठी, दुसरं टोक सह्याद्रीच्या घाटात, आणि दोन्हीकडे तीच जोडी. ट्रेकला नाणेघाटात शेकड्यानं लोक जातात, त्यातल्या किती जणांना हे कुणी सांगितलंय? मला तरी कॉलेजच्या काळात कुणी सांगितलं नव्हतं.

आता बेग्राम. माझ्या मते प्रदर्शनाचा जीव इथं आहे. सोन्याकडे गर्दी जास्त असते पण तुम्ही वेळ इथं द्या.

काबूलच्या उत्तरेला बेग्राम, जुनं नाव कापिशी. 1937 ते 1939 या काळात जोसेफ हाकँ आणि त्यांच्या पत्नी रिया हाकँ यांच्या पथकाला तिथं दोन खोल्या सापडल्या, नंबर 10 आणि 13, दारं भिंत घालून बंद केलेली. आत काय, तर रोमन काचेची भांडी, प्लास्टरच्या चकत्या, कांस्याच्या मूर्ती, चीनचे लाखेचे वाडगे आणि भारतीय हस्तिदंताचे शेकडो तुकडे. सगळं पहिल्या शतकाच्या सुमाराचं. हाकँ पती-पत्नी दोघंही 1941 मध्ये बोट बुडवली गेली तेव्हा गेले, त्यांना या वस्तूंवर पूर्ण काम करता आलं नाही. त्यामुळे हा राजाचा खजिना होता की व्यापाऱ्याचं गोदाम, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. मला स्वतःला गोदामवालं मत जास्त पटतं, आणि त्याचं कारण त्या प्लास्टरच्या चकत्या. त्या चकत्या म्हणजे चांदीच्या भांड्यांवरच्या नक्षीचे साचे घेऊन केलेले नमुने आहेत. राजा प्लास्टरचे नमुने तिजोरीत कशाला ठेवेल? नमुने ठेवतो तो कारागीर किंवा त्याला माल पुरवणारा. गिऱ्हाइकाला दाखवायचं, बघा यातलं कुठलं डिझाइन पाहिजे.

काचेच्या भांड्यांपुढे मी किती वेळ उभी होते ते मलाच कळलं नाही. माशाच्या आकाराच्या बाटल्या आहेत, निळसर, पर वगैरे सगळं बारीक काचेच्या दोऱ्यांनी काढलेलं. रंगवलेले पेले आहेत, दोन हजार वर्षांचा रंग आणि काल रंगवल्यासारखा ताजा. एका उंच पेल्यावर काचेतच उठावानं एक दीपस्तंभ काढलाय, तो अलेक्झांड्रियाचा प्रसिद्ध फॅरोसचा दीपस्तंभ मानतात. इजिप्तच्या बंदरातला दीपस्तंभ, हिंदुकुशच्या पायथ्याशी, काचेवर. आणि फुटलेला नाही फारसा! एवढ्या लांब काच कशी आणली असेल, उंटावर, गवतात गुंडाळून की काय, कोण जाणे. एक कांस्याचा हेराक्लीस आहे, म्हणजे पिळदार अंगाचा ग्रीक वीर, पण डोक्यावर इजिप्तच्या सेरापिस देवाचा मुकुट. दोन देव एकाच अंगात, आणि तरी मूर्ती कुठं विचित्र वाटत नाही.

आणि मग हस्तिदंत. खुर्च्या-आसनांना लावायच्या पट्ट्या आहेत त्या, लाकूड कुजून गेलं, हस्तिदंत राहिलं. त्यावर बायका. वेणीफणी करणाऱ्या, तोरणाखाली उभ्या, झाडाची फांदी धरलेल्या, पोपटाशी खेळणाऱ्या, पायात भरपूर वाळे, कमरेला रुंद मेखला, हातभर बांगड्या. मकरावर उभ्या असलेल्या तीन मोठ्या मूर्ती तर बघाच. सांचीची तोरणं डोळ्यासमोर आल्याशिवाय राहात नाहीत, आणि ते नुसतं वाटणं नाही, सांचीच्या दक्षिण तोरणावर लेखच आहे की विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे कोरीव काम केलं. त्याच तोरणावर सातकर्णी या सातवाहन राजाच्या कारागिरांच्या प्रमुखाचंही दान कोरलेलं आहे. म्हणजे दगड कोरणारे आणि दात कोरणारे एकाच वर्तुळातले लोक.

आणि इथून पुढचा धागा सरळ मराठवाड्यात जातो. इटलीत पाँपे शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, तिथं 1938 मध्ये एक भारतीय हस्तिदंताची स्त्रीमूर्ती सापडली, आता नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. तिच्याच घराण्यातली म्हणावी अशी एक हस्तिदंती मूर्ती धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या तेरला सापडलीय, आणि भोकरदनच्या उत्खननातही एक तुटलेली सापडलीय. तेर म्हणजे जुनं तगर, रोमन काळातल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या लिखाणात नावानिशी आलेली पेठ. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर शेतातून, पांढरीतून, लोकांच्या घरातून वस्तू गोळा केल्या आणि त्यातून तिथलं सरकारी संग्रहालय उभं राहिलंय. आपण तेरला जातो ते गोरोबाकाकांच्या दर्शनाला, आणि जावंच, पण त्या संग्रहालयात डोकावल्याशिवाय परत येऊ नका. बेग्रामच्या या बायका आणि तेरची ती बाई एकमेकींना बघून ओळखतील, एवढं त्यांचं दागिन्यांचं आणि उभं राहण्याचं वळण जवळचं आहे. पाँपेच्या मूर्तीवर तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे, खरोष्ठी म्हणजे गांधाराकडची लिपी, त्यामुळे ती नेमकी कुठल्या वाटेनं इटलीला गेली, आपल्या बंदरातून की वायव्येकडून, यावर अभ्यासक वाद घालतात. घालू देत. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की पैठण-तेर-भोकरदन हा भाग या सगळ्या देवाणघेवाणीच्या कडेला नव्हता, आत होता.

यातले काही हस्तिदंत या प्रदर्शनात येण्यामागे वेगळीच हकीकत आहे. 1990 नंतरच्या यादवीत काबूलच्या म्युझियमची इमारत रॉकेटनं जळली आणि मग लूट झाली, त्यात बेग्रामचे हस्तिदंतही गेले. त्यातले वीसेक नंतर बाजारात फिरत फिरत लंडनला पोचले, इथल्या एका विक्रेत्यानं ते ओळखले, नाव न सांगता कुणीतरी पैसे दिले, आणि ते काबूलसाठी सोडवून घेतले गेले. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत त्यांची साफसफाई आणि डागडुजी झाली आणि त्यात मूळच्या रंगाचे अंश सापडले! म्हणजे हे आज दिसतात तसे पिवळसर नव्हतेच, रंगीत होते. प्रदर्शनानंतर ते काबूलला परत गेले. दुसऱ्यांच्या देशातून आणलेल्या वस्तूंबद्दल या म्युझियमशी आपलं सगळ्यांचंच भांडण आहे, माझंही आहे, पण हे काम त्यांनी चांगलं केलंय आणि ते म्हणायलाच पाहिजे.

शेवटी तिल्या तेपे, म्हणजे सोन्याची टेकडी. शिबरघानजवळ 1978 च्या हिवाळ्यात व्हिक्टर सारियानिदी या सोव्हिएत पुरातत्त्वज्ञाच्या पथकाला सहा कबरी सापडल्या, पाच बायका आणि एक पुरुष, आणि त्यात वीस हजारावर सोन्याच्या वस्तू. हे लोक भटके होते, घोड्यावर फिरणारे. त्यामुळे त्यांच्याकडे इमारती नाहीत, मूर्ती नाहीत, जे काही होतं ते अंगावर. आणि अंगावर सगळं जग होतं!

एका बाईच्या हातात रोमन सम्राट टायबेरियसचं सोन्याचं नाणं. छातीवर चिनी आरसा. पुरुषाच्या बुटांच्या बक्कलांवर रथ, त्याला ड्रॅगनसारखे प्राणी जुंपलेले. त्याच्याच कबरीत एक छोटं सोन्याचं पदक, त्यावर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला चाक ढकलणारा माणूस, भोवती खरोष्ठी अक्षरं, धर्मचक्र फिरवणारा अशा अर्थाची. तो माणूस म्हणजे बुद्ध असेल तर ही बुद्धाच्या अगदी जुन्या प्रतिमांपैकी एक ठरते, आणि तो दिसतो कसा, तर दाढीवाला, अंगावर कातडं पांघरलेला, ग्रीक हेराक्लीससारखा. म्हणजे बुद्धाला कसं काढायचं हे अजून ठरलेलंच नव्हतं तेव्हाचं हे. भिंगातून बघावं लागेल इतकं लहान आहे, आणि लोक त्याच्यासमोरून सरळ सोन्याच्या मुकुटाकडे जातात. तुम्ही थांबा.

मग ती ॲफ्रोडाइटी. पाच सेंटिमीटरची असेल, सोन्याची. नाव ग्रीक देवीचं, उभी राहण्याची ढब ग्रीक, पण पाठीला पंख आहेत, अंग भरलेलं, चेहरा गोल आणि कपाळावर टिकली. हो, टिकली! सोनाराला कुणीतरी सांगितलं असणार की देवी अशीच दिसते. किंवा त्याची आईच तशी दिसत असेल. मला या एका दागिन्यासाठी परत जावंसं वाटतंय, यातलं ग्रीक किती, भारतीय किती, मध्य आशियातल्या गवताळ मैदानांतलं किती असं वेगळं काढायला गेलं तर देवीच हातात राहणार नाही.

मुकुटाबद्दल सगळीकडे छापून आलंय म्हणून थोडक्यात. पातळ सोन्याच्या पत्र्याची झाडं, त्यांना शेकडो लटकणाऱ्या टिकल्या, हलल्या की चमकणार. पाच झाडं पट्टीवरून सुटी होतात, सपाट होऊन पिशवीत बसतात, पुढच्या मुक्कामाला परत लावायची. कोरियात सिल्ला राजांचे मुकुट पुढे कित्येक शतकांनी याच धर्तीचे आहेत. फोटोत हा मुकुट जड वाटतो, प्रत्यक्षात कागदासारखा आहे, हे तिथं गेल्यावरच कळतं.

आता या सगळ्या वस्तू वाचल्या कशा. 1988-89 च्या सुमारास, सोव्हिएत फौजा निघून चालल्या होत्या तेव्हा काबूल म्युझियमच्या काही लोकांनी निवडक वस्तू पेट्यांत भरून राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यातल्या मध्यवर्ती बँकेच्या तिजोरीत नेऊन ठेवल्या आणि गप्प बसले. नुसते एक-दोन वर्षं नाही, दीड दशकाच्या आसपास. मधे यादवी झाली, म्युझियम जळलं, 2001 मध्ये तालिबाननं उरलेल्या मूर्ती फोडल्या, बामियानचे बुद्ध उडवले, सोनं विकलं गेलं, वितळवलं गेलं अशा अफवा जगभर उठल्या. ज्यांना माहीत होतं त्यांनी तोंड उघडलं नाही. पगार नाही, घरात खायची पंचाईत, आणि डोक्यात पत्ता वीस हजार सोन्याच्या वस्तूंचा. 2003 मध्ये बातमी बाहेर आली, 2004 मध्ये तिजोऱ्या फोडून उघडल्या तेव्हा म्हातारे सारियानिदी स्वतः हजर होते आणि एका दागिन्याला त्यांनीच पूर्वी तारेनं केलेली दुरुस्ती बघून त्यांनी ओळखलं की हे अस्सल आहे. त्या वेळचे म्युझियमचे प्रमुख ओमारा खान मसूदी, हे त्या गप्प राहिलेल्यांपैकी एक. इंग्लंडमध्ये राहून अफगाणिस्तानच्या फक्त सैनिकांच्या आणि स्फोटांच्या बातम्या ऐकणाऱ्या आपल्याला त्या देशातली अशीही माणसं माहीत पाहिजेत. मी तर मुलांना आधी ही गोष्ट सांगितली आणि मगच आत नेलं, त्याचा फार उपयोग झाला, प्रत्येक पेटीपुढे ती विचारत होती, हेपण तिजोरीत होतं का.

काय कमी वाटलं तेही लिहिते. पहिल्या शतकाशी प्रदर्शन थांबतं. म्हणजे गांधाराचे बुद्ध, जलालाबादजवळच्या हड्ड्याचे चुन्याचे सुंदर चेहरे, बामियान, यातलं काही नाही. ग्रीक अंगरख्याच्या चुण्या घातलेला बुद्ध बघायचा म्हणून कुणी गेलं असेल तर त्याला तो तिथं मिळाला नसेल. दुसरं म्हणजे चार ठिकाणं चार बेटांसारखी सुटी राहतात. फुलोल आणि आय खानुममध्ये जवळजवळ सतराशे वर्षांचं अंतर आहे, त्या मधल्या काळात तिथं माणसं राहात होतीच ना, मग इराणी साम्राज्य, अशोकाचे कंदाहारचे ग्रीक आणि अरामी भाषेतले लेख, याबद्दल अजून भरपूर सांगता आलं असतं. अशोकानं तिथल्या लोकांना त्यांच्या भाषेत धर्म सांगितला, सरमिसळीच्या गोष्टीत याहून मोठी गोष्ट कुठली.

आणि वस्तू परदेशी दिसली की ती आली कुठून यावरच सगळ्यांचं लक्ष जातं, प्रेक्षकांचं आणि अभ्यासकांचंही. पण तिल्या तेपेचं बरंचसं सोनं तिथंच, बॅक्ट्रियातच (उत्तर अफगाणिस्तानाकडच्या भागाचं जुनं नाव) घडवलेलं असावं असं मानतात. तो सोनार कोण होता, कुठल्या भाषेत बोलत होता, त्याला चीनचा ड्रॅगन आणि ग्रीकांची देवी दोन्ही माहीत होते हे कसं, यावर मला अजून वाचायला आवडलं असतं. असाच प्रश्न आपल्याकडेही पडतो. नाशिकच्या पांडवलेण्यात 17 नंबरचं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या माणसानं कोरवून घेतलं, धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा राहणारा, आणि स्वतःला योनक म्हणवतो, म्हणजे ग्रीक. कार्ल्याच्या चैत्यातले कितीतरी खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे पुन्हा ग्रीकांनीच, दिलेत. नावं आपली, धर्म बुद्धाचा, ओळख यवन. ही माणसं आणि तो सोनार एकाच जगातले.

तेव्हा जाणाऱ्यांना मी दोन-तीन गोष्टी सांगत होते. कमीत कमी दोन तास ठेवा, मुलं असतील तर आधी तिल्या तेपे दाखवून मग मागं फिरलात तरी चालेल, कारण बेग्रामपर्यंत ती कंटाळतात आणि मग सोन्यापाशी पोचेपर्यंत भूक लागलेली असते. हस्तिदंतावर प्रकाश मुद्दाम मंद ठेवावा लागतो, त्यामुळे आजी-आजोबांना नेणार असाल तर त्यांचा वाचायचा चष्मा विसरू नका. आणि बाहेर पडल्यावर लगेच घरी जाऊ नका, असंही. म्युझियमच्या कायमच्या संग्रहात, फुकट, भारत आणि गांधाराचं दालन आहे. जलालाबादजवळच्या बिमारानच्या स्तूपात सापडलेला सोन्याचा करंडक याच म्युझियमच्या मालकीचा आहे, लाल खडे जडवलेला, कमानीखाली बुद्ध, एका बाजूला इंद्र, एका बाजूला ब्रह्मदेव, तो मांडलेला असेल तर जरूर बघा. प्रदर्शनात जे पहिल्या शतकाशी तुटतं त्याचा पुढचा भाग तिथं मिळतो. अमरावतीच्या स्तूपाचे संगमरवरासारखे दगडही त्याच इमारतीत आहेत आणि बेग्रामच्या हस्तिदंतावरच्या बायका बघून लगेच तिकडे गेलं की फरक आणि सारखेपणा दोन्ही डोळ्यांना दिसायचे.

हे प्रदर्शन 2006 मध्ये पॅरिसपासून निघालं होतं, पुढे इटली, हॉलंड, अमेरिका, कॅनडा, जर्मनी असं फिरत फिरत लंडनला आलं. भारतात तोपर्यंत आलेलं नव्हतं. माझी मनापासून इच्छा होती की ते मुंबईला यावं, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, आणि बेग्रामच्या हस्तिदंतांशेजारच्या पेटीत तेरची ती मूर्ती आणि भोकरदनचा तुकडा ठेवावा, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला कांस्याचा पोसायडन टाऊन हॉल म्युझियममधून आणून सेरापिसच्या मुकुटातल्या हेराक्लीससमोर उभा करावा, आणि भिंतीवर नागनिकेच्या लेखाचा ठसा लावावा, अगाथोक्लीसच्या नाण्यांच्या बरोबर वर.